डोळे मिटण्यापूर्वी वाचावे

ही मार्गदर्शिका शहागंज, चेलीपुरा, राजाबाजार, सिटी चौक आणि गुलमंडी परिसरातल्या होतकरू ध्यानार्थींसाठी आहे. सिडको-हडकोतल्या मंडळींनी वाचायला हरकत नाही. पण त्यांच्या घराजवळ बाग असते आणि बागेत बाक असतो, त्यामुळे निम्मा अभ्यासक्रम त्यांना माफ आहे.

शिकायचं आहे ते असं: निसर्गाच्या सान्निध्यात, चारचौघांबरोबर, बौद्ध पद्धतीने ध्यान करणे. यातलं ध्यान त्यातल्या त्यात सोपं, श्वास सगळ्यांनाच येतो. निसर्ग रिक्षाने गाठता येतो. अवघड आहेत ते चारचौघे. त्यांच्यावर जास्त शाई खर्च झालेली दिसेल, त्याला इलाज नाही.

जागा

सतिपट्ठान सुत्तात साधकाला बसायला तीन जागा सुचवल्या आहेत: अरण्य, झाडाचा बुंधा किंवा रिकामं घर. शहागंजकरांनी या तिन्हींचा क्रमाक्रमाने, उलटीकडून विचार करावा.

रिकामं घर बाद. शहागंजात घर रिकामं झालं रे झालं की संध्याकाळपर्यंत तिथे कापडाचे गठ्ठे येऊन पडलेले असतात.

झाडाचा बुंधा शहागंजच्या चमनमध्ये मिळेल. तिथे एकदा डोळे मिटून बसून पाहावं, निदान शास्त्राला धरून. दोन मिनिटांत कोणीतरी खांदा हलवतं. ‘क्या हुआ चचा, चक्कर आयी क्या?’ आपण मान हलवून नाही म्हणावं. मग पाण्याचा ग्लास येतो. चपलांच्या हातगाडीवाला गाडी जरा सरकवून सावली करून देतो. एक जण शुगर कमी झाली असेल म्हणून खिशातून चॉकलेट काढतो, आणि ज्याने पहिल्यांदा खांदा हलवला तो आता जमलेल्यांना तुमची केस पहिल्यापासून समजावून सांगत असतो. उन्हात निपचित बसलेला माणूस पाहून शहागंजात कोणी पुढे जात नाही. मैत्री भावनेचा पाठ म्हणून हे उत्तम आहे. श्वासावर लक्ष ठेवायला मात्र जमत नाही. तेव्हा पाणी पिऊन, चॉकलेट खाऊन, आभार मानून उठावं.

उरलं अरण्य. शहराच्या उत्तरेला, बीबी का मकबऱ्याच्या मागे, विद्यापीठाच्या पाठीशी जो डोंगर आहे त्यात बुद्ध लेणी आहेत. एकूण १२. बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातली. चौथं लेणं, जे इथलं एकुलतं एक चैत्यगृह आहे, ते त्याहून बरंच जुनं. वेरूळ-अजिंठ्याच्या बसगाड्या इकडे ढुंकून पाहत नाहीत, हे या लेण्यांवर झालेले उपकारच म्हणायचे. दिल्ली दरवाजाकडची हिमायत बाग आणि सलीम अली सरोवर जवळ पडतात हे खरं, झाडं आणि पाखरंही तिथे भरपूर. पण तिथे सकाळी ओळखीचे लोक चालायला येतात आणि ओळखीचा माणूस डोळे मिटलेल्या माणसालाही ‘आज इकडे कसे?’ असं विचारतोच.

वेळ

पहाट. गजर लावण्याची गरज नाही. शहागंजची मशीद अठराव्या शतकातली आहे आणि तिथल्या फजरच्या अजानने कोणाला उशिरा उठवल्याचं ऐकिवात नाही. चौकातल्या मनोऱ्याच्या घड्याळावर मात्र जुने रहिवासी एकदम विश्वास टाकत नाहीत. निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनोरा उभा राहिला. पुढे घड्याळ कित्येक वर्षं बंद होतं, स्मार्ट सिटीच्या कामात त्याची दुरुस्ती झाली. तरी आमची पिढी अजून आधी मनोऱ्याकडे पाहते आणि मग खिशातला मोबाइल काढून खात्री करून घेते.

महिन्यातली उत्तम वेळ पौर्णिमा, म्हणजे उपोसथाचा दिवस. वर्षातली उत्तम वेळ वर्षावास, आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा. या तीन महिन्यांत भिक्खूंनी एका ठिकाणी राहावं असा नियम आहे. उपासकांनी रोज संध्याकाळी विहारात जमून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचावा असा इकडचा रिवाज आहे. नवशिक्याला हा काळ तीन कारणांनी मानवतो: डोंगर हिरवा असतो, मोठ्याने वाचणारा दुसरा कोणीतरी असतो, आणि समाप्तीला खीर असते. मे महिन्यात जाऊ नये. काळा बेसॉल्ट दिवसभर तापतो आणि तुम्ही बसल्यावर ती उष्णता तुम्हाला परत करतो.

विजयादशमीला, म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपुरातल्या दीक्षेच्या आठवणीत जो धम्मचक्र प्रवर्तन दिन होतो त्या दिवशी, लेण्यांच्या पायथ्याशी अख्खा मराठवाडा लोटतो. भीमगीतं, पुस्तकांचे स्टॉल, निळे झेंडे, पोराबाळांसह आलेली कुटुंबं. त्या दिवशी ध्यानाला जाणाऱ्याने ध्यानाचा आग्रह धरू नये. पुस्तकं घ्यावीत, मुलांना कुल्फी द्यावी आणि यावं.

साहित्य

पांढरे कपडे. विहारात आणि सामूहिक वंदनेला पांढरं घालतात. शहागंजातून पांढऱ्या कपड्यांत निघून डोंगरापर्यंत पांढऱ्याच कपड्यांत पोहोचणं हा स्वतंत्र अभ्यास आहे: ओल्या हातगाड्या, पानाच्या पिचकाऱ्या, कारच्या दारांना लागलेली धूळ. जे पोहोचले त्यांची सती, म्हणजे सजगता, जागी आहे असं समजावं, पुढचं बसणं ही औपचारिकता.

पाण्याची बाटली. टोपी. सतरंजी स्वतःची न्यावी लागत नाही. ती सार्वजनिक असते आणि तिच्याबद्दल शेवटी येईलच. माइंडफुलनेसचं ॲप डाउनलोड करू नये. त्यातला धबधबा खोटा असतो, आणि आपल्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येत असताना कानात वाहत्या पाण्याचा आवाज लावून घेतल्यास माणूस बादली शोधत उठतो.

प्रवास

सिटी चौकातून किलेअर्क, मकाई दरवाजा, खाम नदीवरचा पूल, बेगमपुरा आणि मकबरा. रिक्षावाल्याला ‘लेणी’ एवढंच सांगू नये, तो वेरूळचा भाव सांगेल. ‘बुद्ध लेणी, विद्यापीठाच्या मागे’ म्हटल्यावर तो तुमच्याकडे एकवार पाहून ‘मकबरे तक छोडता, ऊपर नक्को’ म्हणेल. हे मान्य करावं. मकबऱ्यापासून चालत जाण्याला बौद्ध परंपरेत चांगलं नाव आहे: चंक्रमण. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच फायदे दिले आहेत, त्यांत अन्नपचन सुधारतं हाही एक आहे. आदल्या रात्री नान-कलिया झाला असेल तर हा फायदा लगेच जाणवतो.

बैठक

आधी त्रिसरण, मग पंचशील. पाली पाठ नसेल तर बुजू नये. पुढचा म्हणतो त्याच्या मागून अर्धं अक्षर उशिरा म्हटलं की पुरतं. शीलं पाचही कठीण, पण नवशिक्याच्या हातून कोणतं आधी मोडतं हे अनुभवाने ठरून गेलेलं आहे. पहिलं, प्राणिहिंसा न करण्याचं, डास येईपर्यंत टिकतं. चौथं, खोटं न बोलण्याचं, बैठक संपल्यावर लगेच मोडतं. कारण शेजारचे काका विचारतात, ‘कसं वाटलं?’ आणि आपण म्हणतो, ‘फार प्रसन्न.’

मांडीचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवून टाकू. गुडघे दुखणाऱ्यांना वाटतं की आपल्याला हे जमणार नाही. त्यांनी बैठकीपूर्वी तिसऱ्या लेण्यात जाऊन यावं. गाभाऱ्यातली बुद्धमूर्ती पाय खाली सोडून, खुर्चीवर बसावं तशी बसलेली आहे. प्रलंबपादासन म्हणतात त्याला. वेरूळच्या दहाव्या लेण्यातही बुद्ध असेच बसलेत. तेव्हा प्लास्टिकची खुर्ची मागण्यात कमीपणा नाही, तुमच्या बाजूने दगडी पुरावा आहे.

त्याच गाभाऱ्यात, मूर्तीच्या समोर दोन्ही बाजूंना, माणसाएवढी माणसं गुडघे टेकून बसली आहेत. घाईने परत फिरू नये, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. ही देव-यक्ष मंडळी नाहीत. नटूनथटून आलेले स्त्री-पुरुष आहेत. बायकांचे अंबाडे एकीचा दुसरीसारखा नाही, गळ्यात दागिने, पुरुषांच्या डोक्यावर उंच केशभूषा, हात जोडलेले किंवा हातात काहीतरी वाहायला आणलेलं. खांद्याला खांदा लागेल इतके जवळ बसलेत. पुढचा मान किंचित वर करून बघतो आहे, मागच्याला जागा कमी पडली आहे. लेण्यांमध्ये बुद्ध पुष्कळ ठिकाणी दिसतात. त्यांना भेटायला आलेला घोळका इतक्या जवळून, इतक्या आपुलकीने कोरलेला क्वचित दिसतो. मला विचाराल तर सामूहिक ध्यानाचं खरं पाठ्यपुस्तक हेच. कोरणाऱ्याने एकट्या साधकावर दगड खर्च केला नाही.

वेळ असेल तर पूर्वेकडच्या गटातलं सातवं लेणंही पाहावं, थोडं चालावं लागतं. तिथे अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरली आहेत: आग, तलवार, बेड्या, बुडतं जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. प्रत्येक चौकटीत कोणीतरी संकटात सापडलेलं आणि हात जोडून त्याचा धावा करणारं. व्यापारी रस्त्यांवरच्या लोकांची ही खरीखुरी काळजी होती. शहागंजच्या माणसाला ही यादी वाचून हायसं वाटतं. उलट्या दिशेने येणारी रिक्षा तीत नाही.

आता डोळे मिटा. श्वास आत, श्वास बाहेर. वरच्या ओठाच्या वर, नाकपुड्यांशी लक्ष ठेवा. मन पळेल. कुठे पळतं ते बघा आणि परत आणा. शहागंजच्या मनाचा साधारण मार्ग असा: श्वास, मोर ओरडला, मोरच का, आज वार कोणता, आज पाण्याचा वार, मोटार कोण लावणार, टाकीचं झाकण. इथून परत श्वासावर येणं सोपं नाही, कारण पाण्याचा वार खरोखर असतो आणि टाकीचं झाकण खरोखर उघडं असतं. घरी फोन करण्याची इच्छा होते. ती उठते, थोडा वेळ राहते, जाते, असं आचार्य सांगतात. जाते खरी, पण मोटारीचं बटण दाबायला कोणाला तरी सांगूनच.

झोप लागली तर लाज वाटून घेऊ नये. शेजारच्या अक्का आपुलकीने कोपर मारतात. ‘दादा, घोरायलेत तुम्ही.’ ‘जागाच आहे की अक्का.’ पुन्हा चौथं शील.

चारचौघे

इथून खरा अभ्यासक्रम सुरू होतो.

तुमच्या गटात दोन पक्ष असतील आणि दोघांनाही तुम्ही आपल्याकडे यावं असं वाटेल. एक डोळे मिटणाऱ्यांचा. हे इगतपुरीला जाऊन आलेले असतात. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशातून आले, १९६९ साली त्यांनी भारतात पहिलं शिबिर घेतलं आणि १९७६ पासून इगतपुरीचं धम्मगिरी सुरू झालं. तिथे दहा दिवस मौन पाळून, पहाटे चारला घंटेवर उठून हे लोक आलेले. त्यांना ओळखणं सोपं. दहा दिवस गप्प राहिल्याबद्दल ते पुढची दहा वर्षं बोलतात.

दुसरा पक्ष डोळे उघडे ठेवणाऱ्यांचा. यांतले बरेचसे मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली इथे कॉलेज काढलं. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या सवाल-जवाबावरून कॉलेजला आणि परिसराला, नागसेनवनाला, नाव मिळालं. प्रश्न विचारण्याचं व्रत इथूनच लागलेलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात, १९७८ पासून १९९४ पर्यंत, हेच लोक मोर्च्यांत होते. ‘डोळे मिटून कोणाचा प्रश्न सुटला?’ असा त्यांचा सवाल असतो, आणि त्याला आधार आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्वतःच विचारलं आहे की बुद्धाने भिक्खू निर्माण केला तो कशासाठी, परिपूर्ण माणूस घडवायला की समाजाची सेवा करायला? नुसताच परिपूर्ण माणूस असेल तर तो स्वार्थी, आणि धम्माच्या प्रसाराला त्याचा उपयोग नाही, असं त्यांचं म्हणणं. पुस्तक त्यांच्या पश्चात, १९५७ साली आलं. वाद अजून ताजा आहे.

नवशिक्याने या वादात पडू नये. मध्ये बसावं. उजवीकडून ‘काका, श्वास बघा’ आणि डावीकडून ‘अहो सर, आधी बातमी वाचली का आजची?’ हे आलटून पालटून ऐकत गेलं तर दोन्ही बाजूंचा बराच अभ्यास होतो. माझं मत विचाराल तर डोळे उघडे ठेवणारे सतरंजी घालायला आधी येतात आणि डोळे मिटणारे आवरायला शेवटपर्यंत थांबतात. त्यामुळे दोन्ही पक्ष असल्याशिवाय कार्यक्रम होतच नाही.

कार्यक्रम हा शब्द मुद्दाम वापरला. वीस मिनिटांच्या ध्यानाला सूत्रसंचालन असतं. प्रत्येक नावाआधी आयुष्मान किंवा आयुष्मती लागतं, पाहुण्यांना फूल, प्रास्ताविक, दोन मनोगतं, आणि आभार मानणारा आधी कोणाकोणाचं नाव राहिलं ते आठवत उभा राहतो. भन्तेजी मात्र सगळ्यांत कमी बोलतात. या सगळ्यात शांतता कुठे, असं शहरातल्या रिट्रीटवाल्यांना वाटतं. त्यांनी थोडं पाली वाङ्मय चाळावं. मज्झिम निकायातल्या चातुमा सुत्तात सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्याबरोबर आलेले पाचशे भिक्खू सामान ठेवताना, जागा धरताना एवढा गोंगाट करतात की बुद्ध विचारतात, हे कोळी मासे ओढतायत का? आणि सगळ्यांना परत पाठवतात. मग शाक्य आणि ब्रह्मा सहंपती मध्यस्थी करतात आणि मंडळींना पुन्हा आत घेतलं जातं. म्हणजे जागा धरण्यावरून आवाज चढणं ही परंपरा अडीच हजार वर्षांची आहे, आणि माफीचीही.

याची दुसरी बाजू दीघ निकायात आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री राजा अजातशत्रू जीवकाच्या आंबराईत बुद्धांना भेटायला निघतो. आत १२५० भिक्खू बसलेत असं त्याला सांगितलेलं. जवळ आल्यावर खोकल्याचाही आवाज नाही. राजाच्या अंगावर काटा येतो, त्याला वाटतं आपल्याला शत्रूच्या तावडीत द्यायला आणलंय, आणि तो जीवकाला तसं विचारतोही. वडिलांचा जीव घेतलेल्या माणसाला इतक्या लोकांची शांतता धोक्याची वाटली, यात नवल नाही. तुमच्या गटात एखादा दिवस असा येतो की सूत्रसंचालकाचा माइक बंद पडतो, भाषणं होत नाहीत, सगळे खरोखर डोळे मिटतात आणि डोंगरावरचा वारा ऐकू येतो. नवशिक्याला अशा वेळी जरा अस्वस्थ व्हायला होतं. घाबरू नये. दोनेक मिनिटांत कोणालातरी शिंक येते.

सूचना काही किरकोळ

लेण्यांच्या छताला मधमाश्यांची पोळी असू शकतात. अगरबत्ती, धूप, ड्रोन आणि अत्तर यांपासून दूर राहावं. प्राण्यांना मैत्री पाठवावी, बिस्किटं पाठवू नयेत. माकडं फरक ओळखतात.

लेण्यात सेल्फी काढणाऱ्या जोडप्यांवर रागावू नये. त्यांनाही इथे एकांतच हवा आहे.

कोरलेल्या मूर्तीला तेल, हळद, रंग लावू नये. नाव कोरू नये, मग ते आपल्या प्रेयसीचं असो की आपल्या नेत्याचं.

परतताना

चहा मकबऱ्यासमोर घ्यावा. तिथे गटाची खरी बैठक होते: कोणाच्या मुलाचा प्रवेश, कोणाच्या सुनेचं बाळंतपण, कोणाला रक्त हवंय, जातीच्या दाखल्याला कोणत्या खिडकीवर उभं राहायचं. इथे डोळे उघडे ठेवावेत आणि कानही. ज्या काकांनी तुम्हाला ‘कसं वाटलं?’ विचारलं होतं त्यांना खरं काय ते इथे सांगितलं तरी चालतं. ते हसतात आणि म्हणतात, ‘माझंही तेच होतं, वीस वर्षं झाली.’

पुढच्या पौर्णिमेला पुन्हा जावं. त्याच्या पुढच्यालाही. एके दिवशी सकाळी सहाला फोन येईल, ‘सर, आज आमचा टेम्पो नाही, सतरंज्या तुमच्याकडून घेऊन या, चेलीपुऱ्यातल्या विहारात ठेवल्यात.’ सतरंज्या जड असतात, त्यांना मागच्या खिरीचा वास असतो, आणि रिक्षावाला गाठोडं पाहून वीस रुपये जास्त मागतो. ते द्यावेत आणि हिशोबाच्या वहीत लिहावेत. त्या दिवसापासून ही मार्गदर्शिका तुम्हाला लागू नाही. दुसऱ्या कोणाला तरी द्यावी.